मोड आणि मोल : जुन्या चांदीच्या शमादानांची पारख

माझ्या टेबलाच्या खणात चांदीच्या पत्र्याची एक वाकडी पट्टी आहे. लांबी बोटभर, वजन नऊ ग्रॅम, म्हणजे तोळाभरही नाही. तिच्यावर पाच ठसे आहेत : चालता सिंह, मुकुट, राजाचे मस्तक, एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात, जॉर्ज तिसऱ्याच्या काळात घडलेल्या एका शमादानाच्या बैठकीची ती कड आहे. ते शमादान आज अस्तित्वात नाही. ते मोडले गेले त्यात माझा हात होता.

गोष्ट २००७ सालची आहे. आमच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. त्यांचे सासरे रेल्वेत कारकून होते, आणि १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना मेणबत्त्या लावायच्या चांदीच्या शमादानांची जोडी भेट दिली होती. यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठी बाईंना पैसे हवे होते. मला जुन्या वस्तूंचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होते. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेले, ठशांचे तक्ते असलेले एक छोटे पुस्तक माझ्याकडे होते. त्यात पाहून मी ठसे जुळवले, वाण्याच्या काट्यावर जोडी तोलली. ती १ किलो १४० ग्रॅम भरली. त्याचे साडेब्याण्णव टक्के काढले आणि म्हणालो, “बाई, किलोभर निव्वळ चांदी आहे.”

सराफाने एका शमादानाची बैठक कापली, तेव्हा आतून काळी राळ निघाली आणि राळेत रोवलेली लोखंडी सळई. दोन्हींची मिळून चांदी भरली २६८ ग्रॅम. सराफाने काही लबाडी केली नव्हती. त्याने वजन करून दाखवले आणि त्या दिवसाचा भाव दिला. एक कापले गेल्यावर दुसरे ठेवून काय करायचे म्हणून बाईंनी तेही दिले. परतताना त्या एवढेच म्हणाल्या, “असू द्या हो. आतलं कुणाला दिसतं?” उरलेले पैसे त्यांच्या भावाने दिले, शस्त्रक्रिया पार पडली. सराफाकडून ठशांची कड मी मागून घेतली.

पुढे दोन-तीन वर्षे वाचत गेलो तेव्हा कळले, की चूक एक नव्हती, दोन होत्या. राळेचे वजन मी चांदीचे समजलो ही पहिली. दुसरी अधिक मोठी : ती राळ म्हणजे फसवणूकही नव्हती आणि दोषही नव्हता. शेफील्डची शमादाने मुळातच तशी घडवली जात. ती जोडी न कापता योग्य ठिकाणी गेली असती, तर मी सांगितलेल्या किलोभर चांदीपेक्षाही अधिक किंमत तिला आली असती. मी ठसे बरोबर वाचले होते. वस्तू मात्र वाचली नव्हती. वस्तू वाचायची म्हणजे काय, ते सांगण्यासाठी हा लेख.

ठशांची भाषा

‘शमादान’ हा फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द. शमा म्हणजे मेणबत्ती, दान म्हणजे ती ठेवण्याचे पात्र. समईसारखेच त्याचेही तीन भाग : खाली बैठक, मधे दांडा, वर मेणबत्ती बसवायची खोबण. बऱ्याचदा खोबणीवर एक सुटी चकती असते. वितळलेले मेण तिच्यावर साठते आणि ती काढून साफ करता येते. तिला आपण सुटी वाटी म्हणू.

इंग्लिश चांदीचा मोठा आधार म्हणजे तिच्यावरचे ठसे. १३०० साली राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्याने चांदीचा कस ठरवून दिला आणि कसाला उतरलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मस्तकाचा ठसा मारणे सुरू झाले. हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकीचे बहुधा तांबे, असा तो कस. त्यालाच स्टर्लिंग म्हणतात. १३६३पासून घडवणाऱ्याने स्वतःची खूण उमटवणे बंधनकारक झाले. १४७८पासून लंडनमध्ये दरवर्षी बदलणारे अक्षर आले आणि १५४४मध्ये चालता सिंह. हे काम लंडनच्या सुवर्णकार संघाच्या ‘हॉल’मध्ये चाले, म्हणून त्या खुणेला हॉलमार्क म्हणू लागले. आज आपल्या गल्लीतल्या सराफाच्या पाटीवर दिसणारा शब्द तोच.

जोडशब्द वाचतो तसे हे ठसे वाचावे लागतात, सुटे सुटे नव्हे. सिंह कस सांगतो. शहराची खूण गाव सांगते : लंडनचे बिबट्याचे मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट, एडिंबराचा किल्ला, डब्लिनची मुकुट घातलेली वीणा. अक्षर वर्ष सांगते. १७८४ ते १८९० या काळात राजाचे किंवा राणीचे मस्तकही असते. वस्तूवरचा कर भरल्याची ती पावती. म्हणून मस्तक असलेली वस्तू बहुधा त्या १०६ वर्षांच्या आतली, एवढे तक्ता न उघडताही कळते. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ साली गेला. ही आणखी एक सोपी खूण.

अक्षराच्या बाबतीत घाई करू नये. लंडनमध्ये वीस अक्षरांची माळ संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. अक्षराचे वळण आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार तेवढा बदले. म्हणजे तेच अक्षर दर वीस वर्षांनी परत येते, आणि चौकट न पाहता वाचले तर वस्तू वीस, चाळीस, साठ वर्षे मागेपुढे जाते. शेफील्डमध्ये तर १७७३पासून पहिली पन्नास वर्षे अक्षरे वर्णक्रमाने नव्हतीच. तिथे अंदाज चालत नाही, तक्ताच लागतो.

सिंह नाही म्हणून चांदी खोटी असेही नाही. १६९७ ते १७२० या काळात नाणी वितळवून भांडी घडवण्याला आळा बसावा म्हणून भांड्यांचा कस मुद्दाम नाण्यांपेक्षा वर, सुमारे ९५८वर नेला होता. त्या चांदीवर सिंहाऐवजी बसलेल्या ब्रिटानियाची आकृती असते. १७२०नंतर हा कस ऐच्छिक राहिला.

ओतीव आणि भरीव

आता माझ्या चुकीकडे येतो. शमादान घडवण्याच्या दोन मुख्य पद्धती ध्यानात घेतल्या, तर निम्मी पारख होते.

पहिली ओतीव. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले. तिथले अनेक निष्णात कारागीर लंडनला आले आणि ओतकामाला तिथे नवी प्रतिष्ठा मिळाली. पॉल द लामरी हा अठराव्या शतकातला लंडनचा विख्यात चांदीकार अशाच निर्वासित घराण्यातला. ओतीव शमादानाचा दांडा दोन उभ्या अर्ध्या भागांत ओतून डाख लावून जोडत, बैठक वेगळी ओतत. दांड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी, केसासारखी सांध्याची रेघ भिंगातून दिसते. बैठक उलटी केली की खाली नुसती चांदी दिसते, मधे खोलगट. ठसे बहुधा त्या खोलगट भागाच्या आसपास, कधी चार कोपऱ्यांत एकेक असे विखुरलेले असतात. अशा शमादानाचे सगळे वजन चांदीचे. वीत-सव्वावीत उंचीचे एक शमादान अर्धा किलोच्या आसपास भरू शकते. लंडनमध्ये काही घराणी जवळजवळ एवढेच काम करत. गूल्ड आणि केफ ही त्यांतली ठळक नावे.

दुसरी पद्धत शेफील्डची. तिथल्या कारागिरांनी पोलादी साचे बनवले. चांदीचा पातळ पत्रा साच्यावर ठेवून वरून घण सोडायचा, असे सुटे भाग ठोकून घ्यायचे, ते डाखाने जोडायचे. असा पोकळ दांडा उभा कसा राहणार? म्हणून आत लोखंडी सळई किंवा लाकूड घालून राळ ओतायची आणि तळाला लाकूड, पत्रा किंवा हिरवी बनात लावून तोंड बंद करायचे. थोड्या चांदीत उंच, डौलदार शमादान तयार. सरदारांच्या मेजावरची वस्तू व्यापाऱ्याच्या आणि वकिलाच्या मेजावर आली ती या पद्धतीमुळे. हे काम इतके वाढले, की १७७३ साली संसदेने शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या दोन्ही शहरांना स्वतःच्या कसकचेऱ्या दिल्या. त्याआधी बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनला आपला माल चेस्टरला पाठवून ठसे मारून आणावे लागत. दोन्ही शहरांचे लोक लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत जमले होते, म्हणून एकाला मुकुट मिळाला आणि समुद्रापासून दूर असलेल्या दुसऱ्याला नांगर, अशी कथा सांगतात.

भरीव शमादानाचा तळ झाकलेला, म्हणून ठसे बैठकीच्या बाहेरच्या कडेवर एका रांगेत असतात. माझ्या पट्टीवर आहेत तसेच. त्या दिवशी ठसे काय म्हणतात याबरोबर ते कुठे आहेत एवढे पाहिले असते, तरी आत राळ आहे हे मला कळले असते. तळाला बनात असेल, उंचीच्या मानाने वजन खालीच एकवटलेले वाटत असेल, टिचकी मारल्यावर आवाज बद्द येत असेल, तर वस्तू भरीव समजावी. अमेरिकेतून आणलेल्या विसाव्या शतकातल्या शमादानांवर तर ‘स्टर्लिंग’च्या शेजारी ‘वेटेड’ किंवा ‘सिमेंट’ असे शब्द कोरलेले असतात. तिकडे राहणारी आपली मंडळी जुन्या सामानाच्या विक्रीतून अशी जोडी हौसेने घेऊन येतात. त्यांनी तो शब्द आधी वाचावा. भरीव शमादान गरम पाण्यात कधीही बुडवू नये. राळ मऊ होते आणि दांडा कलतो.

घाट काय सांगतो

अठराव्या शतकाच्या प्रारंभीची शमादाने ठेंगणी, सहा-सात इंचांची, साधी, बहुधा अष्टकोनी किंवा चौकोनी कापलेल्या कोपऱ्यांची. शतकाच्या मध्यावर उंची आठ ते दहा इंच होते, बैठकीच्या कोपऱ्यांवर शिंपले येतात, कडा वळणदार होतात. सुटी वाटीही साधारण १७४०नंतरच रूढ झाली. पुढे ग्रीक-रोमन वास्तूंचे वेड आले आणि शमादान म्हणजे एक छोटा खांबच झाला : फुलांच्या माळा, मेंढ्यांची मस्तके, उंची अकरा-बारा इंच.

एकोणिसाव्या शतकाने मात्र या सगळ्या घाटांची पुन्हा नक्कल केली. म्हणून घाट पाहून ‘याआधीची नाही’ एवढेच म्हणता येते, ‘यानंतरची नाही’ असे म्हणता येत नाही. घाट एक काळ सांगत असेल आणि ठसे दुसराच, तर ठशांवर विसंबावे. पण घाट ठशांपेक्षा नवा दिसला, तर मात्र सावध व्हावे.

खोटेपणाच्या जागा

ठसा हा पुरावा असल्यामुळेच त्याची चोरी होते. १७२० साली इंग्लंडमध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला, तेव्हा तो चुकवण्यासाठी काही कारागीर लहान वस्तूवर ठसे मारून घेत, तेवढा तुकडा कापत आणि मोठ्या वस्तूत बसवत. पुढे हीच युक्ती नव्या वस्तूला जुनी करण्यासाठी वापरली गेली. ती ओळखण्याचा उपाय फुकटचा आहे : ठशांच्या भागावर तोंडाची वाफ सोडावी. डाखाचा सांधा असेल तर क्षणभर ठशांभोवती रेघ उमटते.

दुसरा प्रकार अधिक नामी. अस्सल शमादानाचाच साचा घेऊन दुसरे ओतायचे. त्यात ठसेही आपोआप उतरतात. पण खरा ठसा हाताने मारलेला असतो. त्यामुळे अस्सल जोडीतही दोन शमादानांवरचे ठसे तंतोतंत एकाच जागी, एकाच कलाने कधी नसतात. दोन्हींवर सिंह एकाच कोनात तिरपा, अक्षराची एकच कड पुसट, असे दिसले तर दोन्ही एकाच साच्याची लेकरे आहेत. ओतलेल्या ठशाच्या कडा बोथट असतात आणि भिंगाखाली त्याच्या तळाशी बारीक खड्डे दिसतात.

जुन्या ओतीव शमादानाच्या तळाशी कधी सुईने कोरल्यासारखे आकडे असतात. ते त्या वेळचे वजन : आधी औंस, मग पेनीवेट. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि वीस पेनीवेटांचा एक औंस. समजा ‘१८-१०’ कोरले आहे, म्हणजे साडेअठरा औंस, सुमारे ५७५ ग्रॅम. आज ५६० भरले, तर पंधरा ग्रॅम पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्यात गेले. हे स्वाभाविक. पण ६०० भरले, तर मधे कुणीतरी काहीतरी जोडले आहे.

राहिला मुलामा. शेफील्डच्याच टॉमस बोल्सोव्हरने १७४०च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने एकजीव करण्याची युक्ती शोधली. हे ‘जुने शेफील्ड प्लेट’. कडांना आणि उंचवट्यांवर तांब्याची लाली दिसते ती याची खूण. १८४०मध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि जर्मन सिल्व्हरवर चांदी चढवलेल्या वस्तूंचा पूर आला. त्यांवर ‘ई पी एन एस’ ही चार अक्षरे चार छोट्या ढालींत अशी मारलेली असतात, की लांबून हॉलमार्कच वाटावा. सराफाकडच्या कॅरेट मोजणाऱ्या यंत्रावरही इथे विसंबून चालत नाही. ते वरचा थर वाचते, आणि वरचा थर चांदीचाच असतो.

आपल्याकडची शमादाने

आपल्या घरांत, चोर बाजारात आणि जुन्या बंगल्यांच्या लिलावात दिसणारी सगळी शमादाने विलायती नसतात. कंपनीच्या काळापासून कलकत्त्यात हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासमध्ये पी. ऑर अँड सन्स यांसारख्या पेढ्या चांदीकाम करत. इथे विलायतेसारखी कसकचेरी नव्हती. त्यामुळे पेढीची आद्याक्षरे आणि सोबत विलायती वळणाच्या खुणा ती पेढीच मारे. सिंह नाही म्हणून अशी वस्तू मोडीत टाकणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. कच्छच्या भुजमधल्या उमरशी मावजी यांच्या कामावर तर ‘ओ.एम.’ ही अक्षरे असतात, आणि वेलबुट्टीने भरलेल्या त्या कामाला आज जगभर मागणी आहे. गोव्यात चर्चच्या वेदीवर क्रुसाच्या दोन्ही बाजूंना ठेवायची उंच शमादाने वेगळ्याच परंपरेतली. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात स्थानिक हातांनी घडवलेले चर्चचे चांदीकाम पाहावे. त्यावर इंग्लिश ठशांची रांग शोधण्यात अर्थ नाही. तिथे घडणच वाचावी लागते.

मोल कसे ठरते

एकाच शमादानाच्या तीन किमती असतात आणि तिन्ही खऱ्या असतात. पहिली मोडीची : निव्वळ चांदी गुणिले आजचा भाव. ओतीव शमादानाला ही किंमत भक्कम पाया देते, भरीव शमादानाला फारसा नाही. दुसरी बाजाराची : ती वस्तू हवी असलेला माणूस जे देईल ते. तिसरी विम्याची : हरवली तर तशीच दुसरी आणायला जे लागेल ते. ती बाजारापेक्षा चढी असते. विम्याचा आकडा ऐकून विकायला निघालेला माणूस हमखास निराश होतो.

बाजारभाव वाढवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. जोडी ही दोन सुट्यांच्या दुपटीहून अधिक, आणि चारांचा संच दोन जोड्यांहून अधिक. पण संच एकाच कारागिराचा, एकाच वर्षाचा हवा. सुट्या वाट्या मूळच्या हव्यात, आणि त्यांच्यावरही सिंह व कारागिराची खूण हवी. ठसे स्वच्छ हवेत. बैठकीवर मूळ मालकाचे घराणेचिन्ह कोरलेले असेल तर उत्तम. ते खरवडून काढले असेल तर तिथला पत्रा पातळ झालेला बोटाला कळतो आणि किंमत उतरते. दर आठवड्याला पावडरीने लखलखीत घासलेल्या वस्तूपेक्षा कडा शाबूत असलेली काळवंडलेली वस्तू अधिक मोलाची. घरात एखादे जुने पत्र, पावती, फोटो असेल तर तो वस्तूसोबत ठेवावा.

कायद्याची एक बाब सांगितलीच पाहिजे. १९७२च्या पुरावशेष व कलावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगी परदेशी आहे, तिच्या बॅगेत घालून देऊ, असा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. देशात मात्र अशा वस्तूंचे लिलाव होतात, आणि लिलावगृहे नुसत्या छायाचित्रांवरूनही प्राथमिक अंदाज देतात.

माझ्याकडे आता वर्षाला पाच-सहा जण अशी शमादाने घेऊन येतात. बहुतेकांना निराश करावे लागते. ढालींतली ती चार अक्षरे दिसतात आणि आजीच्या आठवणीपलीकडे मोल नसल्याचे सांगावे लागते. मी क्रम ठरवून घेतला आहे. आधी वस्तू उलटी करायची, मग ठसे कुठे आहेत ते पाहायचे, मग ते काय म्हणतात ते वाचायचे. काटा शेवटी. आणि कापायचे तर कधीच नाही, निदान दुसऱ्या कुणी जाणत्याने पाहिल्याशिवाय.

बाई २०१४ साली गेल्या. त्याआधी एकदा ती पट्टी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि ती जोडी खरी काय होती, हे सगळे सांगितले. सांगावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला होता. त्यांनी पट्टी चष्म्याजवळ धरली, अंगठ्याने सिंह चाचपला आणि विचारले, “हा कुठल्या गावचा म्हणालात?” मी म्हणालो, “शेफील्ड.” त्यांनी पट्टी माझ्या हातात परत दिली. “मग आता पुढच्या माणसाला नीट सांगा,” म्हणाल्या.